बर्फाच्या कारखान्याचा फोन

लग्नकार्यात कुणी ओळख करून देताना अजून म्हणतं, "हे परब. हे पाऊस पाडायचे." समोरचा माणूस आधी वर आभाळाकडे बघतो, मग माझ्याकडे. दोन्हीकडे त्याला काही विशेष दिसत नाही. संपादकबाईंनीही या अंकासाठी "पाऊस पाडतानाच्या गमती" मागितल्या आहेत. गमती आहेत, त्या सांगतो. पण मी लिहायला बसलो तो गमतींसाठी नाही. एक गोष्ट मी तीन वेळा सांगायला हवी होती आणि तिन्ही वेळा गिळली. ती आता सांगतो.

आधी धंदा समजावतो. बोरिवलीच्या मागच्या डोंगरावर, तलावांच्या पश्चिमेला, आमच्या खात्याची पत्र्याची शेड होती. मी तिथे शास्त्रीय सहायक. सत्तरच्या आसपासची, तलाव भरतात की नाही या धास्तीत मुंबई असायची ती वर्षं. आम्ही मीठ दळायचो. अगदी पिठासारखं. त्यात गुठळ्या होऊ नयेत म्हणून शंखजिऱ्याची पूड मिसळायची आणि ढग खाली उतरले की कॉम्प्रेसरच्या जोरावर ती धूळ वर उडवायची. मीठ ओल धरतं, हे प्रत्येक घरात बरणी उघडणारीला माहीत असतं. ढगातले बारीक थेंब मिठाच्या कणाभोवती जमून मोठे व्हावेत आणि जड होऊन तलावावर पडावेत, एवढाच हिशेब. तो कधी जमायचा, कधी नाही. मात्र भर पावसाळ्यात मीठ कोरडं ठेवणं हे पाऊस पाडण्याहून कठीण होतं. आम्ही ते बल्ब लावलेल्या कपाटात ठेवायचो. माझ्या घड्याळाचे तीन पट्टे गंजले, आणि बायको म्हणायची, "तुमच्या डब्यात मीठ घालूचा नाय. शर्टार बोट फिरवा नि खावा."

आणखी एक गोष्ट समजल्याशिवाय पुढचं कळणार नाही. पाऊस आमच्यामुळे पडला की आपोआप, हे ओळखायचं कसं? त्यासाठी बंद पाकिटं होती. बाहेरच्या एका गणितज्ञानं सोडती काढून ती तयार केलेली. सकाळी ढग योग्य आहेत असं ठरलं की एक पाकीट फोडायचं. आत 'होय' किंवा 'नाही'. 'होय' आलं तर फवारायचं. 'नाही' आलं तर डोक्यावरून लोण्यासारखे ढग गेले तरी हात बांधून बसायचं. मोसम संपला की दोन्ही दिवसांचा पाऊस ताडून बघायचा. कोणत्या दिवशी काय निघालं हे बाहेर कुणालाही सांगायचं नाही, कारण पर्जन्यमापक वाचणाऱ्याला कळलं तर त्याचा डोळा नकळत कलतो. नियम चांगला होता. मी त्याच्याविरुद्ध आजही बोलणार नाही.

लोकांना मात्र हे पटायचं नाही. अंधेरीच्या एका स्टुडिओतला मॅनेजर आमच्या ऑफिसात आला आणि खुर्चीवर उलटा बसून म्हणाला, "परबसाहेब, गुरुवारी बंद ठेवा ना. आउटडोअर आहे यार, हिरोईनची डेट पुन्हा मिळणार नाही." मी म्हटलं, आम्ही पाडतो, थांबवत नाही. तो म्हणाला, "बरं, मग शनिवारी पाडा. शनिवारी भिजायचा सीन आहे." घाटकोपरचे एक गृहस्थ मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन आले होते. मुहूर्त सांगून म्हणाले, "तेवढी वेळ सांभाळा." मी त्यांना विज्ञान समजावलं, त्यांनी मान डोलावली आणि जाताना टेबलावर नारळ ठेवला. लग्नात पाऊस आला नाही. त्यांनी पेढे पाठवले आणि ते आम्ही खाल्ले. तेव्हा मला वाटलं होतं की यात काय वाईट? न केलेल्या कामाचे पेढे खायची सवय तिथूनच लागली असावी.

आता वेसाव्याकडे, म्हणजे वर्सोव्याकडे, येतो.

किनाऱ्यावर किती पाऊस पडतो हे पाहण्यासाठी आमचा एक पर्जन्यमापक वेसाव्याच्या कोळीवाड्यात बसवला होता. मोकळी जागा हवी म्हणून बोंबील वाळवायच्या वलांड्यांच्या कडेला. वलांडी म्हणजे बांबू रोवून त्यांवर दोऱ्या ताणलेला मांडव. बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ते जोडीजोडीनं दोरीवर टाकतात आणि दोन-तीन दिवस उन्हावाऱ्यात ठेवतात. त्या ओळीतल्या पंधरा-वीस घरांचा एक रिवाज होता. मासळीच्या दर खेपेची पहिली माळ हिरामावशी टाकायची. ती टाकत नाही तोवर कुणी टाकायचं नाही, आणि उतरवायची वेळ झाली तरी तिचाच शब्द. आभाळ वाचण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. साठीची, ठसठशीत, कपाळावर मोठं कुंकू. मापक तिच्या अंगणालगत, म्हणून पाकीट फोडलं की दुसऱ्या सकाळी तो वाचायला जाताना माझी तिची गाठ. मी तिच्याकडून सुके बोंबील घ्यायचो आणि ती मला विज्ञान विचारायची.

एकदा नारळी पुनवेच्या सुमारास तिनं नारळीभाताची वाटी पुढे केली आणि म्हणाली, "काय रं, तू तो मीठ वर मारतंस, तो वारा फिरला तर आमच्यावर नाय येनार?"

तिनं नेमकं ते विचारलं होतं जे आमच्या फाइलीत कुणी लिहिलं नव्हतं. पावसाळाभर वारा समुद्राकडून येतो, त्यामुळे आमची धूळ पूर्वेला तलावांवर जाते. पण पावसाळा सरला की वारा उलटतो, जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. आम्ही सप्टेंबरअखेर काम बंद करायचो म्हणून हा प्रश्नच आला नव्हता. मी सांगितलं, "मावशी, तेव्हा आमचं काम संपलेलं असतं."

"आनि नाय संपला तं?"

"तर मी तुम्हाला आधी कळवीन."

"कळीव. पाऊस पडून गेल्यावर कोनाचा कोनता ते कोन सांगंल? तू बोलशील देवाचा, मी बोलंन तुजा. मंग भांडत बसा. म्हनून आदी सांगायचा."

वाडीजवळच्या बर्फाच्या कारखान्यात फोन होता. मी फोन करायचा, तिथला मुकादम निरोप पोचवणार, असं ठरलं. तारीख-कारण काही सांगणार नव्हतो, फक्त "आज माळा नकोत" एवढंच. नियमाला मुरड पडत होती हे मला दिसत होतं. पण तिनं लगेच शेजारच्या बायांना हाका मारून सांगितलं, "यो परब आपल्याला फोन करनार हाय, बरा काय!" आणि त्या सगळ्या माझ्याकडे अशा आदरानं बघायला लागल्या की मी छाती काढून नारळीभात संपवला.

त्या वर्षी पाऊस तुटला. सप्टेंबर संपला तरी तलाव अर्धेच. वरून हुकूम आला की ऑक्टोबरमध्येही ढग मिळतील तसे काम चालू ठेवा. साहेब, म्हणजे आमचे प्रमुख, सज्जन माणूस, पण त्यांचं लक्ष मोजणीच्या दिवसांवर. "परब, दिवस कमी पडताहेत. दिवस वाया घालवू नका," हे त्यांनी मला दोनदा बजावलं होतं.

तो दिवस ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातला. सकाळी फुगा सोडला तर वारा पश्चिमेचाच, पण मेलेला. ढग फुगत होते. पाकीट फोडलं, 'होय'. यंत्रावर माझ्याबरोबर केणी होता, मुलुंडचा, माझ्याच वयाचा. साडेअकराला तो यंत्र सोडून बाहेर गेला आणि ओरडला, "परब, वारा फिरला रे! धूळ बघ, समुद्राकडे चाललीय."

मी बाहेर आलो. खरंच, आमची पांढरी धूळ अंधेरीच्या दिशेनं वळली होती.

"बंद करू?" केणीनं विचारलं.

"चिठ्ठी 'होय' आहे."

"चिठ्ठीला वारा कळतो काय?"

मध्येच बंद केलं तर तो दिवस मोजणीतून बाद होणार. बाद का केला याचं स्पष्टीकरण मला द्यावं लागणार. मी म्हटलं, "चालू ठेव." आणि शेडमध्ये जाऊन फोन उचलला. बर्फाच्या कारखान्याचा नंबर फिरवला. पलीकडून मुकादम बोलला, "हॅलो? कोण पाहिजे?"

मी फोन ठेवून दिला.

का ठेवला, हे मी स्वतःला अनेक तऱ्हांनी सांगितलं आहे. गुप्ततेचा नियम होता, असंही सांगितलं. ते खोटं आहे. शेडमध्ये मी एकटाच होतो आणि नियमाची आठवणही मला त्या क्षणी नव्हती. माझ्या मनात आलं ते असं: बायांनी माळा उतरवल्या आणि पाऊस पडलाच नाही तर? हसतील मला. पाऊस पाडणारा परब, म्हणतील, आणि साधा पाऊस कळत नाही. एवढ्या एका हसण्याला मी घाबरलो.

तीनच्या पुढे गडगडाट सुरू झाला आणि अंधेरीपासून समुद्रापर्यंत झोडपून काढलं. तलावांवर एक टिपूस नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मापक वाचायला वेसाव्याला गेलो, कारण माणसं कमी म्हणून तिथला मापक, नियमात बसत नसलं तरी, माझ्याकडेच होता. दोऱ्यांवर बोंबील फुगून पांढरेफटक झाले होते, कित्येकांची धडं जबड्यापासून सुटून खाली चिखलात पडली होती. वास तर सांगत नाही. बाया ते गोळा करून खताच्या ढिगावर टाकत होत्या. एकही बोलत नव्हती. कोळीवाड्यात बाया गप्प, हे मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. माझी मापकातली बाटली काठोकाठ भरली होती.

हिरामावशी माझ्या मागे येऊन उभी राहिली. "काल मारलंस काय?"

मी बाटली उजेडात धरून आकडा वाचत राहिलो. मग म्हटलं, "मावशी, ते सांगायची मला परवानगी नाही."

"मी परवानगी नाय मागत. खरा मागतंय." ती अगदी हळू बोलत होती. "दुपारी आभाल मना दिसत व्हता. या सगल्या बोलत व्हत्या, उतरवू या. मी बोलली, थांबा. परबाचा फोन नाय आला. माज्या डोल्यांपेक्षा तुजा फोन मोठा धरला मी."

मी आकडा वहीत लिहिला आणि निघालो. गिळण्याची ही पहिली वेळ.

पुढे काय झालं ते मला तिच्या शेजारणीकडून कळलं. बायांनी हिरामावशीला उघड दोष दिला नाही. फक्त पुढच्या खेपेला मासळी आली तेव्हा तिची माळ पडायची वाट कुणी पाहिली नाही. तिचं घर सोडून सगळ्यांनी आधीच माळा टाकल्या. बस एवढंच. पण त्या ओळीत कित्येक वर्षांत तसं झालं नव्हतं.

महिन्याभरानं ती आमच्या अंधेरीच्या ऑफिसात आली. नव्वारी, अंगावर शाल, हातात कुणाकडून तरी लिहून घेतलेला अर्ज. भरपाईचा शब्दही त्यात नव्हता. एकच ओळ होती: अमुक दिवशी आपण फवारणी केली होती किंवा नाही, हे लेखी कळवावे. साहेबांनी तिला बसवलं, चहा दिला. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "कागूद नको असंल तं हा येऊ दे. आमच्या बायांसमोर उभा ऱ्हाऊन बोलू दे. मना तेवडाच पुरे."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी टेबलावरच्या पेपरवेटकडे पाहिलं.

उत्तराचा मसुदा मी केला. माझं लिहिणं बरं म्हणून असले मसुदे माझ्याकडेच यायचे. "सदर दिवशीच्या पावसाचा आणि विभागाच्या प्रयोगाचा संबंध प्रस्थापित करता येत नाही. प्रयोगाचा तपशील गोपनीय आहे." त्यातलं पहिलं वाक्य खोटं नाही. तो पाऊस आमचा होता की ऑक्टोबरचा, ते मला आजही ठाऊक नाही. पण त्याच आठवड्यात, त्याच टाइपरायटरवर, मी वार्षिक अहवालही टाइप केला. त्यात 'होय' दिवसांच्या पावसात वेसाव्याच्या मापकाचा तो आकडा होता, आणि खाली माझंच वाक्य होतं: "किनाऱ्यालगतच्या मापकावरही फवारणीचा उत्साहवर्धक परिणाम दिसून आला." एकच पाऊस. अहवालात तो आमचा झाला आणि पत्रात देवाचा.

घरी बायकोला हे सांगितलं. ती तेव्हा तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मगे आता त्या बाईकडसून बोंबील आणू नकात. माका गिळूचे नाय."

आता तिसरी वेळ सांगण्याआधी मधली एक गोष्ट.

दोन-तीन वर्षं गेली. जगातल्या देशांची त्या सुमारास बोलणी चालली होती. हवामानात फेरफार करून एका देशानं दुसऱ्याला इजा करू नये, तसं हत्यार कुणी वापरू नये, असा करार करायचा होता. त्याच्या अनुषंगानं शांततेच्या काळातल्या प्रयोगांचं काय, याचीही चर्चा होती. एका देशानं ढगावर काही मारलं आणि ढग सरहद्द ओलांडून गेला तर जबाबदार कोण? आमच्यासारख्या ठिकाणांहून वर टिपणं मागवली. साहेबांनी ते काम माझ्याकडे दिलं. डोंगरावरचा सहायक आणि आंतरराष्ट्रीय कायदा! केणी मला आठवडाभर "वकीलसाहेब" म्हणत होता.

मी रात्रंदिवस त्यावर बसलो असं नाही. पाऊण तासात लिहून झालं, कारण मजकूर माझ्याकडे तयार होता. मी लिहिलं: पाऊस पडून गेल्यावर तो कुणामुळे पडला हे सिद्ध करता येत नाही. म्हणून नंतरच्या भरपाईवर विसंबून चालणार नाही. शेजाऱ्याला आधी सूचना देणं हाच एक खरा उपाय आहे. आणि सूचना देण्याचं वचन दिलं असेल, तर ती न मिळाल्यानं होणारं नुकसान सूचना मुळीच नसण्यापेक्षा मोठं असतं. कारण शेजारी त्या वचनावर विसंबून स्वतःची सावधगिरी सोडतो.

साहेबांनी वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "परब, हे कुठे वाचलंत? फार मूलभूत आहे." मी म्हटलं, "वाचलं नाही सर. सुचलं." टिपण दिल्लीला गेलं. पुढे कुठे गेलं ते माहीत नाही, पण साहेबांनी माझ्या गोपनीय अहवालात चांगला शेरा मारला आणि मला बढती मिळाली. देशानं देशाला काय सांगावं हे मी लिहिलं. बोरिवलीनं वेसाव्याला सांगायचं होतं ते मात्र तसंच राहिलं. सुचलं, म्हणालो मी! ते वाक्य नारळीभाताच्या वाटीवरून मला दिलं गेलं होतं.

सत्तरच्या दशकाच्या शेवटी प्रयोग गुंडाळला. सरकारी सामान परत जमा करायचं म्हणून मी वेसाव्याला मापक काढायला गेलो. हिरामावशी ओट्यावर बसली होती, बरीच थकलेली. समोरच्या वलांड्यांवर माळा पडल्या होत्या. पहिली कुणी टाकली ते मी विचारलं नाही.

मी तिच्यापुढे उकिडवा बसलो आणि म्हटलं, "मावशी, त्या दिवशी फवारणी झाली होती. मीच केली. वारा फिरलेला मला दिसला होता."

ती एकदम उठली. गुडघ्यावर हात ठेवून, पण उठली, आणि तिनं आवाज टाकला, "गो, इकडं या गो सगल्या! ऐका, परब काय बोलतंय!"

बाया आल्या. सात-आठ जणी होत्या, काही हातातलं काम तसंच घेऊन आलेल्या. तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला. "हां, बोल आता."

सात-आठ बायाच होत्या. त्यांत मला ओळखणाऱ्या तीन. मी त्यांच्याकडे पाहिलं, आणि म्हणालो, "हे मापक सरकारी आहे. ते न्यायला आलोय."

पाठीवरचा हात तिनं काढून घेतला. एक म्हणाली, "त्यात काय ऐकवाचा?" आणि सगळ्या पांगल्या. हिरामावशी स्वतः मापकाजवळ गेली, आतली बाटली काढली, पदरानं पुसली आणि माझ्या हातात दिली.

"ने," ती म्हणाली. "यात जो पडला तो तरी कुनी लपवला नाय."

त्यानंतर मी वेसाव्याला गेलो नाही. ती गेल्याचं खूप उशिरा कळलं. संपादकबाईंना गमती हव्या होत्या, त्यांची क्षमा मागतो आणि अंकातली उरलेली जागा एका सूचनेसाठी वापरतो. नमुना आमच्या खात्याचाच आहे.

वेसाव्याच्या वलांड्यांवरच्या बायांस आणि त्यांच्या लेकी-सुनांस कळवण्यात येते की, त्या ऑक्टोबरात ज्या दिवशी तुमच्या माळा भिजल्या त्या दिवशी डोंगरावर फवारणी झाली होती. वारा तुमच्याकडे फिरल्याचे फवारणाऱ्यास माहीत होते. तुमच्या हिरामावशीचे आभाळ चुकले नव्हते. ती फोनची वाट पाहत होती. फोन लागला होता आणि पलीकडून मुकादम "हॅलो" म्हणाला होता. ठेवला तो मी.